रिकाम्या तासांचा हिशेब

अर्थशास्त्रात फुरसतीची व्याख्या बहुधा वजाबाकीने केली जाते. दिवसाच्या चोवीस तासांतून मजुरीच्या किंवा पगाराच्या कामाचे तास वजा केले की उरेल ती फुरसत, असे श्रमबाजाराच्या प्राथमिक सिद्धान्तात गृहीत धरलेले असते, आणि प्रत्येक माणूस आपला वेळ मिळकत व फुरसत यांच्यात स्वतःच्या आवडीप्रमाणे वाटून घेतो, असे त्या सिद्धान्ताचे म्हणणे असते. एक तास मोकळा ठेवणे म्हणजे त्या तासाची मजुरी सोडणे, म्हणून मजुरीचा दर हीच फुरसतीची किंमत ठरते. हा दर वाढला की दोन विरुद्ध ओढी निर्माण होतात: फुरसत महाग झाल्यामुळे माणूस अधिक काम करू पाहतो, याला पर्यायता परिणाम म्हणतात; आणि तेवढीच मिळकत कमी तासांत होऊ लागल्यामुळे तो थोडी विश्रांती घेऊ पाहतो, याला उत्पन्न परिणाम म्हणतात. ही सगळी मांडणी एका अटीवर उभी आहे, ती अशी की माणसाला हवे तितके तास काम मिळते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कोरडवाहू शिवारात ही अट वर्षातील कित्येक महिने पुरी होत नाही. तेथे कामाचे तास पावसावर, पिकावर आणि बोलावणाऱ्यावर अवलंबून असतात, आणि वजाबाकी करून उरलेला तास आवडीने राखलेला आहे की नाइलाजाने रिकामा पडलेला आहे, हे त्या वजाबाकीतून कळू शकत नाही.

फुरसत खऱ्या अर्थाने तेव्हा अस्तित्वात येते, जेव्हा कामाला मर्यादा असते आणि त्या मर्यादेत पोटापुरती मिळकत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन करून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली, तेव्हा मिळालेला तो दिवस ठरवून मिळवलेला मोकळा वेळ होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर वाळूज परिसरात जी औद्योगिक वस्ती वाढत गेली, तिच्यातील कायम कामगाराची पाळी संपल्यानंतरचा वेळ अशा मर्यादेच्या चौकटीत फुरसत म्हणून ओळखता येतो. त्याच वसाहतीत कंत्राटदारामार्फत येणारा आणि मागणी घटली की घरी बसवला जाणारा मजूर मात्र त्या चौकटीच्या बाहेरच राहतो, कारण त्याच्या मोकळ्या दिवसाला मिळकतीचा आधार नसतो.

पगाराच्या कामाबाहेरचा सगळा वेळ फुरसत मानणे चूक आहे, हे मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये कुटुंबातील उत्पादनावरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्यांनी सुचवलेली कसोटी तिसऱ्या व्यक्तीची कसोटी म्हणून ओळखली जाते: जी गोष्ट मोबदला देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते ती काम, आणि जी स्वतः केल्याशिवाय तिचा उपयोगच होत नाही ती फुरसत किंवा स्वतःची निगा. भाकरी दुसरा थापू शकतो, धुणे दुसरा धुऊ शकतो, हंडा दुसरा भरून आणू शकतो. झोप, जेवण आणि कीर्तन ऐकणे मात्र दुसऱ्यावर सोपवता येत नाही. १९६५ मध्ये गॅरी बेकर यांनी वेळेच्या वाटपाचा सिद्धान्त मांडला आणि घर हे वेळ व वस्तू एकत्र करून उपभोग निर्माण करणारे ठिकाण असल्याचे सांगितले. १९७७ मध्ये र्‍युबेन ग्रोनाउ यांनी घरकाम आणि फुरसत यांना वेगवेगळे खाते दिले. तरीही सीमारेषेवरचे तास शिल्लक राहतातच. मुलाला खेळवणे हे संगोपन की विरंगुळा, आणि परसात लावलेली मेथी हे उत्पादन की हौस, यावर एकमत नाही, म्हणून मार्क अग्वियार आणि एरिक हर्स्ट यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील फुरसतीचा दीर्घकालीन कल मोजताना एकच व्याख्या न धरता अरुंद ते रुंद अशा चार व्याख्या वापरल्या.

भारतात या खातेवाटपासाठी स्वतंत्र पाहणी आहे. देशव्यापी पहिली वेळ वापर पाहणी २०१९ मध्ये आणि दुसरी २०२४ मध्ये झाली. सहा वर्षे व त्यावरील प्रत्येक सदस्याला आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पाहणीच्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या अर्ध्या तासाच्या टप्प्यांत विचारले जातात आणि उत्तरांची नऊ मोठ्या गटांत विभागणी होते. पैठणहून पंढरपूरला जाणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याचे तास समाजसंपर्क व धर्माचरण या गटात जातात, दूरदर्शन पाहणे संस्कृती, विरंगुळा आणि क्रीडा या गटात जाते, आणि टँकरवरून पाणी भरून आणणे स्वतःच्या वापरासाठी केलेल्या उत्पादनात मोजले जाते. घरातील बिनमोबदला कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात, असे २०१९ मध्ये आढळले. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे होते. म्हणजे मजुरीच्या कामाबाहेर असलेल्या स्त्रीकडे भरपूर मोकळा वेळ असतो, ही समजूत मोजणीपुढे टिकत नाही. क्लेअर व्हिकरी यांनी १९७७ मध्ये वेळेच्या दारिद्र्याची कल्पना मांडली होती: काही कुटुंबांकडे पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे असतात, आणि केवळ उत्पन्नाची दारिद्र्यरेषा पाहिली तर त्यांची अडचण निम्मीच दिसते. ज्या शहरात अनेक वस्त्यांना नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळते, तेथे पाण्याची वाट पाहत घरात अडकून राहिलेला तास कोणत्या खात्यात टाकावा, हा प्रश्न वर्गीकरणाच्या कोणत्याही कोष्टकापेक्षा अवघड आहे.

आता दुसरी बाजू: नाइलाजाने रिकामा पडलेला तास, म्हणजे अर्धबेकारी. जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये प्रच्छन्न बेकारी ही संज्ञा वापरली ती मंदीत चांगली नोकरी गमावून हलक्यासलक्या कामावर गुजराण करणाऱ्या माणसांसाठी. पुढे ती विकसनशील देशांच्या शेतीला लागू झाली आणि गरजेपेक्षा जास्त माणसे एकाच जमिनीवर राबत असतील तर त्यांतली काही काढून घेतली तरी उत्पादन घटणार नाही, असा तिचा अर्थ रूढ झाला. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा दाखला देऊन हे नाकारले. त्या साथीत भारतात शेतीवरची माणसे मोठ्या संख्येने मेल्यावर पेरणीचे क्षेत्रही घटले, म्हणून जादा श्रम नव्हतेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या कसोटीला आक्षेप घेतला. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जे विश्लेषण केले होते, त्यातून फुरसत आणि अर्धबेकारी एकमेकींना कुठे भेटतात हे अधिक नेमके समजते. समजा, चार माणसांच्या कुटुंबातून एक जण वाळूजला कामाला गेला आणि उरलेल्या तिघांनी रोज थोडा जास्त वेळ राबून शाळूचे उत्पादन पूर्वीइतकेच राखले. अशा वेळी तपासायचे ते त्या वाढीव तासांचे ओझे. त्या तासांचे कष्ट आधीच्या तासांपेक्षा अधिक जड वाटत नसतील, तरच तिघे ते आपणहून करतील आणि उत्पादन टिकेल. ज्या तासाला कुटुंबाच्या लेखी विश्रांती म्हणून फारसे मोल नव्हते, तोच तास अर्धबेकारीचा होता.

हे मोल मोजायचे कसे, हा प्रश्न भारतीय संख्याशास्त्रापुढे १९७० च्या सुमारास स्पष्टपणे उभा राहिला. प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये अहवाल देऊन बेकारीचा एकच आकडा काढण्याची पद्धत नाकारली. बहुसंख्य लोक स्वतःच्या शेतात किंवा रोजंदारीवर असलेल्या देशात नोकरी असणे आणि नसणे या दोनच खुणा पुरत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. त्यानुसार राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२–७३ मधील २७ व्या फेरीपासून तीन वेगवेगळी मापे रुळली. नेहमीची स्थिती गेल्या ३६५ दिवसांवरून ठरते: वर्षाचा अधिक काळ माणूस कशात होता हे मुख्य, आणि किमान ३० दिवसांचे दुय्यम कामही त्याला रोजगारी गटात नेते. चालू साप्ताहिक स्थितीत गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केले तरी माणूस रोजगारीच ठरतो. चालू दैनिक स्थिती माणसांऐवजी दिवस मोजते: चार तास किंवा अधिक काम झाले तर पूर्ण दिवस, एक तासापेक्षा कमी नाही पण चार तासांपेक्षा कमी काम झाले तर अर्धा दिवस, अशा चौदा अर्ध्या दिवसांत आठवडा वाटला जातो.

या तीन मापांतला फरक एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. खुलताबाद तालुक्यातील एक भूमिहीन मजूर स्त्री चैत्रातल्या एका आठवड्यात सोमवारी पाच तास कांदा काढणीला गेली, गुरुवारी तीन तास निंदणीला गेली, आणि उरलेल्या वेळी काम मिळाले असते तर जायला तयार होती. वर्षातले बरेचसे दिवस तिला खुरपणी, कापूस वेचणी आणि सोंगणी मिळत असल्याने नेहमीच्या स्थितीनुसार ती रोजगारी आहे. साप्ताहिक स्थितीनुसारही रोजगारीच, कारण एक तासाची अट तिने आठ पटींनी पुरी केली. दैनिक स्थितीत मात्र तिचा हिशेब दीड दिवस काम आणि साडेपाच दिवस बेकारी असा निघतो. एकाच बाईचा एकच आठवडा. बेकारीचा दर दोन मापांनी शून्य आणि तिसऱ्याने जवळजवळ ऐंशी टक्के. वर्तमानपत्रांत झळकणारा बेकारीचा दर बहुतेक वेळा पहिल्या दोन मापांचा असतो, आणि ग्रामीण भागात बेकारी कमी असल्याचा जो निष्कर्ष त्यावरून काढला जातो, तो या मापांच्या स्वभावातून येतो. ज्याच्या घरात साठवण नाही, त्याला पूर्ण बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते तासाभराचे काम करतो आणि आकडेवारीत रोजगारी होतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आश्रयाने भरणाऱ्या कामगार सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने १९९८ मध्ये वेळेच्या अर्धबेकारीसाठी तीन अटी ठरवल्या: माणसाची जास्त तास काम करण्याची इच्छा असावी, तसे करण्यास तो उपलब्ध असावा, आणि त्याने ठरावीक मर्यादेपेक्षा कमी तास काम केलेले असावे. खुलताबादची ती स्त्री या व्याख्येत बसते. पण सिडको बसस्थानकाबाहेर प्रवाशांची वाट पाहत दिवस काढणारा रिक्षाचालक तिच्यात बसत नाही, कारण २००८ च्या परिषदेने गिऱ्हाइकाची वाट पाहण्याचा वेळ कामाच्या तासांतच धरला आहे. बारा तासांत त्याला चारच फेऱ्या मिळाल्या तरी तो बारा तास काम केलेला माणूस ठरतो. जाधववाडीच्या बाजार समितीत मालाच्या गाडीची वाट पाहणारा हमाल आणि नाक्यावर कोणी घेऊन जाईल म्हणून सकाळपासून उभा असलेला बिगारी हे दोघे सारखेच ताटकळतात, परंतु पहिल्याचे ताटकळणे कामात मोजले जाते आणि दुसऱ्याचे नाही. पाडव्याला साल ठरवून राहणाऱ्या सालगड्याच्या बाबतीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो: शेतात काम नसलेल्या दुपारीही तो मालकाच्या हाकेला बांधलेला असतो, म्हणून त्याचा रिकामा तास फुरसतही नसतो आणि बेकारीही नसते.

प्रा. राज कृष्ण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील बेकारीवरील आपल्या अध्यक्षीय भाषणात चार निकष वेगळे केले: वेळ, उत्पन्न, इच्छा आणि उत्पादकता. या चार निकषांचे खरे महत्त्व ते एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा कळते, आणि ऊसतोडीपलीकडे दुसरे उदाहरण त्यासाठी शोधावे लागत नाही. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून आणि कन्नड, पैठणसारख्या तालुक्यांतूनही, मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवाळीच्या आसपास गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. हंगामात पहाटे सुरू होणारे काम गाडी भरेपर्यंत संपत नाही. वेळेच्या निकषावर त्या जोडीला अर्धबेकार म्हणता येत नाही, उलट तिला फुरसतच नसते. उत्पन्नाच्या निकषावर मात्र ती गरीबच असते, कारण उचल फेडण्यातच मजुरी जाते. परतल्यावर गावी तेच दोघे कित्येक आठवडे कामाच्या शोधात असतात. वर्षभराची सरासरी काढली तर हंगामातले अतिश्रम आणि उन्हाळ्यातले रिकामपण एकमेकांना खाऊन टाकतात आणि कोष्टकात एक सर्वसाधारण रोजगारी कुटुंब उरते. ही सरासरी गणिताने बरोबर असली तरी तिच्यात त्या कुटुंबाचे वर्ष कुठेच सापडत नाही.

अर्धबेकारी मोजण्याचे सर्वांत प्रामाणिक साधन महाराष्ट्रातच तयार झाले, आणि ते मोजणीसाठी तयार झालेले नव्हते, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर येथे काम मागणाऱ्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात त्याला अनपेक्षित व्याप्ती आली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यासह राज्यभर निघाली, आणि १९७३ च्या मे महिन्यात त्यांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. त्या वर्षी हजेरीपटांवर जे दिसले, ते कोणत्याही प्रश्नावलीत आले नसते. अवजड अंगमेहनतीचे, कमी मजुरीचे काम उन्हात करायला येणारा माणूस आपल्या रिकाम्या तासाची किंमत स्वतः सांगत असतो. तो तास त्याला विश्रांती म्हणून मोलाचा असता, तर तो त्या दराने दिला गेला नसता. अर्थशास्त्रात याला स्वयंनिवड म्हणतात, मात्र दुष्काळातल्या या निवडीमागे उपासमार उभी होती, हे विसरून ती संज्ञा वापरू नये.

पुढे १९७५ मध्ये व्यवसाय कर लावून या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्यात आला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीला अकुशल अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क त्याने दिला. हंगामाप्रमाणे हजेरी चढत-उतरत असे: वैशाख-ज्येष्ठात सर्वाधिक, पेरण्या सुरू झाल्या की घट. अर्धबेकारीचा असा महिन्यागणिक आलेख तोपर्यंत कोणत्याही पाहणीने दिलेला नव्हता. मात्र हे साधन बिघडूही शकते, हे १९८८ मध्ये दिसले. त्या वर्षी शेतीतील किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मागणी वाढून हजेरी वाढायला हवी होती, परंतु ती घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये या घसरणीचा अभ्यास करून दाखवले की मजुरी वाढल्यानंतर कामांचे प्रमाण आवळले गेले होते आणि हमी पूर्वीसारखी उरली नव्हती. त्यानंतरच्या काळात हजेरीवरून अर्धबेकारीचा अंदाज बांधताना, काम किती मागितले गेले आणि किती काढले गेले, हे दोन आकडे वेगळे ठेवणे भाग आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याखाली नमुना क्रमांक चारमध्ये कामाची लेखी मागणी नोंदवण्याची पद्धत आली ती त्यामुळेच महत्त्वाची होती. जी मागणी तोंडी परत पाठवली जाते, ती कोणत्याही कोष्टकात येत नाही. शिवाय गाव सोडून ऊसतोडीला गेलेले, अंगमेहनत न झेपणारे, आणि शहरातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करत वर्षे घालवणारे पदवीधर या सगळ्यांपर्यंत हे माप पोहोचत नाही.

२०१७ पासून रोजगाराची मोजणी नियतकालिक श्रमबल पाहणीकडे आहे. तिच्यात आठवड्यातील प्रत्येक दिवशी किती तास काम केले आणि आणखी किती तास करण्याची तयारी होती, हेही विचारले जाते, त्यामुळे अर्धबेकारीचा कच्चा माल दरवर्षी गोळा होतो. चर्चा मात्र बहुतेक एका तासाच्या निकषावर निघणाऱ्या दराचीच होते. जानेवारी २०२५ पासून या पाहणीची रचना बदलली, जिल्हा हा तिचा मूळ भौगोलिक घटक झाला आणि साप्ताहिक स्थितीचे आकडे दरमहा येऊ लागले. वेळ वापर पाहणी मात्र वेगळ्या कुटुंबांत आणि वेगळ्या वर्षी होते. त्यामुळे आठवड्यात दीड दिवस मजुरी केलेल्या स्त्रीचे उरलेले साडेपाच दिवस पाण्याच्या रांगेत गेले, चुलीपुढे गेले, पालखीबरोबर गेले की काम देणाऱ्याची वाट पाहण्यात गेले, हे दोन्ही पाहण्या शेजारी ठेवूनही सांगता येत नाही. जिल्ह्यातील काही गावांत तरी एकाच कुटुंबाला दोन्ही प्रश्नावल्या, एकदा कापूस वेचणीच्या ऐन भरात आणि एकदा ज्येष्ठातल्या पावसाआधीच्या आठवड्यात विचारणे शक्य आहे. त्यासाठी नवा सिद्धान्त लागत नाही, प्रश्नावल्या तयार आहेत आणि तालुका पातळीपर्यंत पोहोचणारी यंत्रणाही आहे.